सुळेवाल्यावरचा अभिप्राय

१

शुक्रवारी सकाळी आमच्या वाचनालयात खून झाला असता तर मला एवढा त्रास झाला नसता. खुनाला पोलीस असतात. अभिप्रायवहीतलं पान नाहीसं झालं तर त्याला फक्त चिटणीस असतो, आणि १९८६च्या त्या जानेवारीत रत्नागिरीच्या आमच्या आळीतल्या वाचनालयाचा बिनपगारी चिटणीस मी होतो.

पान गेल्याचा शोध कमलाबाई शेट्यांनी लावला. बाई कार्यकारिणीच्या सभासद, घरची आंब्याची शंभर कलमं, आणि लिहिण्याची दांडगी हौस. बुधवारी लिहिलेला आपला अभिप्राय नणंदेला दाखवायला म्हणून त्या आल्या, वही उघडली, तर चाळीसनंतर एकदम त्रेचाळीस. मधलं पान शिवणीलगत ब्लेडनं कापलेलं होतं, अगदी सरळ. बाईंनी वही माझ्यासमोर आपटली आणि वाचनालयाच्या दारात उभ्या असलेल्या सावित्रीकडे बोट केलं.

आता हे अभिप्राय कशावर, ते सांगायला हवं. जयगडचा रघू मालवाहू बोटीवर खलाशी होता. दिवाळीत घरी आला तेव्हा त्यानं एक जपानी चित्रांचं पुस्तक वाचनालयाला भेट दिलं आणि पुन्हा बोटीवर गेला. एकच पुस्तक, गोष्ट तेवढ्यातच पुरी, मागचा-पुढचा भाग नाही, एवढंच तो सांगून गेला. अक्षर एकालाही वाचता येत नव्हतं. चित्रांत काळ्या कोटातला एक हडकुळा माणूस, तोंडात दोन सुळे, दिवसा लपणारा, रात्री हिंडणारा. आमचे अध्यक्ष भास्करराव आगाशे सर म्हणाले, याला इंग्रजीत व्हॅम्पायर म्हणतात. आळीनं त्याचं नाव सुळेवाला ठेवलं.

हे पुस्तक तिथंच बघून परत करताना त्याच्या वेगळ्या वहीत चार ओळी लिहायच्या, आणि प्रत्येकानं नवं पान घ्यायचं, हा आमच्याकडचा सरांनी घातलेला नियम. अक्षर कळत नसल्यामुळे ज्यानं त्यानं आपापली गोष्ट रचली होती. लोक पुस्तक दहा मिनिटं बघायचे आणि अभिप्राय अर्धा तास वाचायचे.

सावित्री शितप आमची शिपाई. झाडलोट, कपाटाची किल्ली, वही, सगळं तिच्याकडे. बुधवारी कमलाबाई म्हणाल्या होत्या, असलं घाणेरडं पुस्तक भाट्याच्या खाडीत फेकून द्या. सावित्री म्हणाली होती, आवडलं नाय तर मिटून ठेवा, दुसऱ्याला बघू द्या. एवढं भांडण बाईंना पुरेसं होतं. रविवारी दहा वाजता कार्यकारिणी बोलवायची आणि सावित्रीला काढायचं, असं त्यांनी तिथंच जाहीर केलं. सर नियमाचे पक्के. वही जिच्या ताब्यात, जबाबदारी तिची, असं म्हणून त्यांनीही मान हलवली.

सगळे गेल्यावर सावित्री माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मी नाय ओ कापलंय," ती म्हणाली. "भांडले ती तोंडावर भांडले. मागनं ब्लेड चालवणारी बाय नाय मी."

तिचा नवरा मुंबईला. ती इथं भाड्याच्या खोलीत राहून मुलीला, चिमाला, शिकवत होती. चिमा सातवीत. तिच्या गावची शाळा सातवीपर्यंतच. नोकरी गेली की खोली जाणार, आणि खोली गेली की चिमाची शाळा सुटणार, हे सांगायला तिला काही बोलावं लागलं नाही.

माझ्याकडे दोन दिवस होते आणि डोक्यात काही नव्हतं.

२

अशा वेळी मी गोदाआत्याकडे जातो. आत्या अडुसष्ट वर्षांची, आळीच्या टोकाला दोन खोल्यांत एकटी राहते, आणि आठवड्याला तीन रहस्यकथा संपवते. तिची एक खोड आहे. कुठलंही पुस्तक हाती घेतलं की ती आधी शेवटचं पान वाचते. मी चिडवतो तर म्हणते, शेवट ठाऊक असला म्हणजे माणसं नीट बघता येतात, नाहीतर सगळा जीव पळापळीतच जातो.

मी हकिगत सांगितली. तिनं कुळथाच्या पिठल्यात डाव फिरवत ऐकून घेतली.

"तुला कोणाचा संशय येतो?" तिनं विचारलं.

माझ्याकडे दोन संशय होते. पहिला कमलाबाईंचाच. सावित्रीला घालवायला त्यांनी स्वतःचं पान स्वतः कापलं असेल. दुसरा महिपतचा. हा पोफळीच्या वीज प्रकल्पावर वायरमन, रजेवर बहिणीकडे आला होता. गुरुवारी संध्याकाळी त्यानं वहीत लिहिलं आणि शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं पसार. पसार हा शब्द मी मुद्दाम वापरला.

आत्या म्हणाली, रजा संपली की माणूस परत जातो, त्याला पसार होणं म्हणत नाहीत. आणि कमलाबाईंनी अभिप्रायाची दुसरी प्रत ठेवली आहे का, ते आधी विचारून ये.

मी विचारून आलो. प्रत नव्हती. अडीचशे शब्द गेले म्हणून बाई दुपारी जेवल्या नव्हत्या. मोहोरावर फवारणी चालू होती, गडी खोळंबले होते, आणि बाई ओटीवर बसून आठवेल तसं पुन्हा लिहीत होत्या. पहिल्यासारखं साधत नाही, असं त्यांनी मला रडवेल्या आवाजात सांगितलं. त्यांच्यावर संशय घेतल्याची मला लाज वाटली.

"ज्याला आपल्या लिहिण्याचं एवढं कौतुक, तो ते कापेल होय रे," आत्या म्हणाली. "मला ती वही आणून दे. आणि ते पुस्तकही."

३

वाचनालयाची वस्तू नोंद न करता बाहेर नेणं नियमात बसत नाही. मी पिशवीत घालून नेली.

आत्यानं चष्मा पुसला आणि आधी वही घेतली. चाळीस पानं तिनं सावकाश वाचली. प्रत्येकाचं मत निराळं, पण गोष्टीचा सांगाडा सगळ्यांचा एकच होता. आरंभी समुद्रकाठी ऊन पडलेलं, खडकावर राखेचा ढीग आणि एक काळा कोट. राखेतून सुळेवाला उठतो. रात्रीबेरात्री घरं धुंडाळतो. आणि अखेरच्या पानावर एका खोलीत बाईचं प्रेत, मानेवर दोन खुणा, दारात पोलीस. वाईटाचा जय झालेला. कुणाला ते थोर वाटलं होतं, कुणाला किळसवाणं.

मग त्रेचाळिसाव्या पानावर महिपतचं गोल अक्षर आलं. त्यात तीनच ओळी होत्या. मागल्या पानाशी मी सहमत आहे. बिचारा शेवटी उन्हात जाऊन बसतो तिथं डोळ्यांत पाणी आलं. असा माणूस आमच्या खात्यात पाहिजे होता.

"मागल्या पानावर काय होतं?" आत्यानं विचारलं.

"कमलाबाईंचा अभिप्राय. पुस्तक खाडीत फेका म्हणून."

"आणि त्या मताशी सहमत असलेला माणूस रडतो?"

मी म्हटलं, वायरमन आहे, लिहिताना घोटाळा झाला असेल. आत्यानं वही माझ्यापुढे धरली.

"चारू, पानाला बाजू किती?"

दोन. एकेचाळीसवर कमलाबाई होत्या. बेचाळीसचा विचार कुणीच केला नव्हता. बाईंची शाई जाड, पाठीमागे उमटते, म्हणून महिपतनं ती बाजू कोरी सोडली असेल, असं मी धरून चाललो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. कापणाऱ्याला कमलाबाईंशी देणंघेणं नव्हतं. त्याला मागची बाजू नको होती, आणि बाईंचा अभिप्राय पाठीला पाठ लागून गेला.

"पण बेचाळीसवर होतं काय?" मी विचारलं.

आत्यानं पुस्तक घेतलं आणि सवयीनं शेवटचं पान उघडलं. तिथं ते बाईचं प्रेत होतं. ती बराच वेळ बघत राहिली, मग हसायला लागली, आणि हसता हसता तिला ठसका लागला.

४

पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "मेल्या, पन्नास वर्षं रहस्यकथा वाचत्ये. शेवटच्या पानावर प्रेत सापडलेलं कधी बघितलंयस? प्रेत पहिल्या पानावर सापडतं."

मग तिनं शेवटाकडून एकेक पान उलटत गोष्ट मला दाखवली. बाईचं प्रेत सापडतं. मानेवर दोन खुणा, म्हणून सगळं गाव सुळेवाल्याच्या मागे लागतं. तो बिचारा रात्री हिंडून खरा खुनी शोधतो, कारण त्यानं ते केलेलंच नाही. खुनी निघतो गावचा डॉक्टर, त्यानं दाभणानं खुणा केलेल्या असतात. एका लहान मुलीला त्याच्या तावडीतून सोडवता सोडवता पहाट होते, सुळेवाल्याला सावलीत पळायला वेळ उरत नाही, आणि समुद्रावर उन्हात त्याची राख होते. व्हॅम्पायर गुन्हेगार नव्हता, तोच डिटेक्टिव्ह होता. जपान्यांची पुस्तकं आपल्या उलट्या बाजूनं सुरू होतात, एवढंच आम्हाला ठाऊक नव्हतं.

मी पटकन खाकी कव्हर चाचपून बघितलं. कारण नवं पुस्तक आलं की लगेच खाकी कव्हर घालायचं आणि आपल्या पद्धतीनं वरच्या बाजूला लेबल डकवायचं, हे काम माझं. जपान्यांचं खरं मुखपृष्ठ मी स्वतः पाठीमागे झाकून टाकलं होतं आणि त्यांच्या मागच्या पुठ्ठ्यावर लेबल लावलं होतं. दोनशे सभासदांना मी गोष्ट उलटी वाचायला लावली होती.

"म्हणजे बेचाळीसवाल्यानं गोष्ट सुलटी वाचली होती," मी म्हणालो. "त्याचं वाचून महिपतनं पुस्तक परत बघितलं. पण मग ते खरं मत कापलं कोणी? सरांनी?"

सरांचं नाव घ्यायला कारण होतं. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता वाचनालयात सरांचं याच पुस्तकावर व्याख्यान होतं. गुरुवारी साडेपाचला मी स्वतः फळ्यावर सूचना लावली होती. विषय, जपानी मनाचा पराभव. खाली लिहिलं होतं की सर वाचकांचे सर्व अभिप्राय वाचून दाखवतील. आणि सरांच्या व्याख्यानाचा सगळा डोलारा अखेरच्या पानावरच्या प्रेतावर उभा होता.

आत्यानं मला सरांकडे पाठवलं. व्याख्यान कसं काय जमलंय, एवढंच विचारायचं. मी विचारलं, आणि सरांनी मला पाऊण तास ते म्हणून दाखवलं. युद्ध, पराभव, राखेतून उठणारा सूड, शेवटी अबलेची हत्या. आवाज खणखणीत होता. मध्ये एकदा डोळे भरून आले त्यांचे. सत्तर वर्षांचा माणूस, दोन महिने खपला होता त्यावर.

परत येऊन मी सांगितलं. आत्या म्हणाली, "झालं तर. बेचाळिसावं पान त्यांनी वाचलं असतं तर व्याख्यान तेच राहिलं असतं काय? सरांनी ते बघितलेलंच नाही. आणि त्यांनी ते बघू नये, भर सभेत स्वतःच्या तोंडानं वाचू नये, म्हणूनच ते कापलंय. कापणाऱ्याचं सरांशी वैर नाही रे. माया आहे."

५

सूचना लागल्यानंतरच पान कापलं गेलं असणार, आणि गुरुवारी संध्याकाळच्या वेळात, चार ते सात, पुस्तकं बदलून नेणाऱ्यांची नावं नोंदवहीत होती. महिपत, सर, दोन कॉलेजच्या मुली ज्या कधीच वही उघडत नाहीत, आणि रुकय्या मजगावकर.

रुकय्या राजिवडा मोहल्ल्यातली, उर्दू शाळेत शिक्षिका. आत्यानं नाव वाचलं आणि वही मिटली. बाकी सगळी आळी पुस्तक डावीकडून उघडते. रोज उजवीकडून वाचायची सवय असलेली त्या दिवशी ती एकटीच होती. तिच्या हातानं ते पुस्तक आपसूकच खऱ्या बाजूनं उघडलं असणार.

दुसरी गोष्ट मला आधीच सुचायला हवी होती. रुकय्याचे वडील तिला नववीतून काढून घरी बसवणार होते. तेव्हा आगाशे सर आठ दिवस रोज शाळा सुटल्यावर राजिवड्यापर्यंत चालत गेले होते आणि नवव्या दिवशी तिला परत घेऊन आले होते. हे सगळ्या गावाला माहीत आहे.

शनिवारी दुपारी आम्ही तिच्या घरी गेलो. आत्यानं चहा घेतला, तांदळाच्या पोळ्यांची कृती विचारली, पापलेटाचा भाव विचारला. घरात मासे न शिजवणारी बाई भाव विचारते म्हटल्यावर रुकय्याला कळलं असावं. ती आत गेली आणि उशीखालून घडी न केलेलं एक पान घेऊन आली.

"फाडून टाकणार होते, मावशी," ती म्हणाली. "पण पाठीमागे शेट्येबाईंचं आहे. दुसऱ्याचं लिहिलेलं कसं फाडायचं?"

गुरुवारी साडेचारला तिनं लिहिलं होतं. मग मासिकं चाळत बसली. मी फळ्यावर सूचना लावली ती तिनं वाचली. आपल्या पानावर पहिलीच ओळ काय आहे ते तिला आठवलं. सगळ्यांनी हे पुस्तक उलटं वाचलं आहे, अशी ती ओळ होती. सर शनिवारी दीडशे माणसांसमोर ती मोठ्यानं वाचणार होते. सावित्री पाणी भरायला मागे गेली, टेबलावर पेन्सिली तासायचं ब्लेड होतं, आणि पुढचं मिनिटभरात झालं. घाईत समोरच्या पानावरच्या महिपतच्या ओळी तिनं बघितल्याच नाहीत, आणि आणखी कोणी ते पान वाचलं असेल, हे तिच्या मनातही आलं नाही.

मी विचारलं, सावित्रीला काढणार आहेत, हे तुला माहीत आहे का. तिला माहीत नव्हतं. दोन दिवस ती वाचनालयाकडे फिरकलीच नव्हती. तिनं तोंडाला पदर लावला आणि तिथंच जमिनीवर बसली.

"चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असती माझ्यामुळं," ती म्हणाली. "चला. सरांकडे मीच जाते."

घड्याळात पाच वाजले होते. व्याख्यानाला एक तास होता.

६

सर धोतराच्या निऱ्या नीट करून, कोट चढवून, निघायच्या तयारीत ओटीवर बसले होते. रुकय्यानं पान त्यांच्या हातात दिलं आणि खाली मान घालून उभी राहिली. मी आणि आत्या पायरीवर.

सरांनी ते एकदा वाचलं. मग माझ्या पिशवीतून पुस्तक मागून घेतलं आणि शेवटाकडून उलटायला लागले. मला त्यांच्याकडे बघवेना. माझ्या कव्हराची चूक मी सांगायला लागलो तर त्यांनी हातानंच गप्प केलं. पुस्तक संपायला वीस मिनिटं लागली. समुद्राच्या पानावर ते थांबले.

"रुकय्या," ते म्हणाले, "बत्तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, चूक दिसली की मास्तरला दाखवा. तू दाखवली नाहीस. पानावर लिहिलीस आणि कापून नेलीस. त्याचं मला वाईट वाटतंय. बाकीचं काही नाही."

"सर, लोक हसले असते."

"हसू देत की. माझं नाक कापलं असतं, शिपाईबाईची भाकरी तरी गेली नसती."

सहा वाजता सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत कमलाबाई नव्या अभिप्रायाचे कागद घेऊन तयार. सावित्री दाराशी स्टुलावर, जणू शिक्षा ऐकायला आल्यासारखी. सर उभे राहिले आणि म्हणाले की आपण व्याख्यान तयार केलं होतं, ते चुकीचं निघालं, कारण आपण पुस्तक उलटं वाचलं. आपण सगळ्यांनीच. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, याबद्दल मी जन्माचा ऋणी आहे. पान का गेलं तेही त्यांनी सरळ सांगितलं, आणि सावित्रीचा यात काडीचा संबंध नाही हे दोनदा सांगितलं.

"आज गोष्ट ही सांगेल," ते म्हणाले. "मी पानं उलटतो."

मग सत्तर वर्षांचे अध्यक्ष पुस्तक छातीशी धरून उभे राहिले आणि रुकय्यानं एकेक चित्र दाखवत गोष्ट सांगितली. पहिली पाच मिनिटं खसखस पिकली. डॉक्टरचं दाभण निघालं तेव्हा मागून कोणीतरी सावकाश अरे देवा म्हणालं. समुद्राच्या पानाला कोणी हललं नाही. कमलाबाईंनी हातातले कागद गुंडाळून पिशवीत टाकले, नाक पुसलं, आणि सोमवारी पुस्तक आपल्याला परत हवं म्हणून मला खुणेनं सांगितलं.

मला खूप बरं वाटत होतं, ते मी लपवत नाही.

७

रविवारी दहाला कार्यकारिणी बसली. कमलाबाईंनी आपली मागणी मागे घेतली आणि एकेचाळिसावं पान पुन्हा चिकटवून मिळावं असा ठराव मांडला. तो एकमतानं पास झाला. बेचाळिसावी बाजू त्याच्याबरोबर आपोआप परत आली. वही खराब केल्याबद्दल रुकय्यानं एक महिना पुस्तक नेऊ नये, असं सरांनी सुचवलं. नियम तो नियम. रुकय्यानं मान्य केलं. इथं बसून वाचायला नियमाची आडकाठी नव्हती, तेवढी पळवाट सरांनी स्वतःच काढून ठेवली होती.

मग सरांनी सावित्रीला आत बोलावलं. ती आली. सर खुर्चीतून उठून उभे राहिले, आणि ते उठले म्हणून आम्हाला सगळ्यांना उठावं लागलं.

"सावित्रीबाई," ते म्हणाले, "चौकशी न करता मी मान हलवली. माझं चुकलं. तुमची माफी मागतो."

सावित्रीनं पदर सारखा केला. आमच्याकडे कोणाकडे न बघता ती सरांशीच बोलली.

"माफी घेऊन मी काय करू, सर? ती कुठं ठेवायची? माझ्या चिमाला तेवढं इंग्रजी येत नाय. पुढल्या वर्षी आठवी हाय. तुम्ही शिकवाल तर बघा."

निवृत्त झाल्यापासून सरांनी एकही शिकवणी घेतली नव्हती. मोठमोठ्या लोकांना नाही म्हटलं होतं, त्यात कमलाबाईंचा नातूही होता.

"मी उलटं वाचणारा मास्तर आहे, बाई," सर म्हणाले. "चालेल?"

"सुलटं करून घेताव की तुम्ही. काल बघितलं मी."

सरांना हसू आवरेना. उद्या संध्याकाळी पाच वाजता पाठवा, म्हणाले, पाटी नको, वही द्या. सावित्रीनं हो म्हटलं आणि आमच्यासाठी चहा टाकायला आत गेली. सोमवारी पाचला दहा मिनिटं असतानाच चिमा सरांच्या ओटीवर जाऊन बसली होती.